रेड टाइड संपवतो कोण?

ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये कुवेत बेच्या उथळ पाण्यात बोय माशांची अभूतपूर्व मर झाली. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या माशांचं वजन २,५०० टनांहून अधिक भरलं. तपासात माशांच्या शरीरात स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू सापडला आणि त्याच सुमारास पाण्यात शैवालही बेसुमार वाढल्याचं दिसलं. त्याआधी १९९९ मध्ये कॅरेनिया या विषारी शैवालामुळे इथे मासे मेले होते. २००८-०९ मध्ये कॉक्लोडिनियम या शैवालाची रेड टाइड, म्हणजे पाण्याचा रंग पालटणारी बेसुमार वाढ, ओमानपासून इराणच्या किनाऱ्यापर्यंत पसरली. तेव्हा अमिरातीतले समुद्राचं पाणी गोडं करणारे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. कुवेतला एकही नदी नाही. म्हणून कुवेतमधल्या सालमियातल्या मराठी घरात नळाला येणारं पाणी मुळात समुद्राचंच असतं. त्यामुळे समुद्रात काय वाढतं, हा तिथे केवळ मच्छीमारांचा प्रश्न उरत नाही.

अशा घटनेनंतरची चौकशी ठरलेली असते. शैवाल कोणतं, विष कोणतं, सांडपाण्याचा वाटा किती? कुवेत इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक रिसर्चच्या सालमियातल्या मत्स्यविभागापासून गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेपर्यंत सगळीकडे हेच प्रश्न विचारले जातात, आणि ते योग्यच आहेत. मात्र एक प्रश्न मागे राहतो. लाखोंनी वाढणाऱ्या शैवालाच्या या पेशी काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा कशा होतात? वारा फिरतो, खाद्य संपतं, इतर सूक्ष्मजीव त्यांना खातात, ही उत्तरं परिचित आहेत. त्यांच्या जोडीने विषाणू या उत्तराकडे विज्ञानाचं लक्ष उशिरा गेलं.

समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाला मारणारा विषाणू १९७९ मध्ये प्रथमच प्रयोगशाळेत वेगळा करून वाढवला गेला. मायक्रोमोनास या इवल्या हिरव्या शैवालाचा तो विषाणू होता. १९८९ मध्ये नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले विषाणू मोजले, तेव्हा चमचाभर पाण्यात ते कोट्यवधी असू शकतात हे कळलं. इंग्लिश खाडीत १९९९ च्या उन्हाळ्यात एमिलियानिया हक्सली या शैवालाचा उपग्रहातून दिसणारा पांढुरका पट्टा पसरला होता. तो ओसरताना त्यातून वेगळा केलेला विषाणू पुढे तपासला गेला. त्याच्या जनुकसंचात सुमारे ४ लाख ७ हजार अक्षरं निघाली. करोनाच्या विषाणूत ती जेमतेम ३० हजार असतात.

यावरून शैवालाचे सगळे विषाणू असेच अवाढव्य असतील असं वाटेल, पण तसं नाही. जपानच्या किनाऱ्यावर कालवं मारणाऱ्या हेटेरोकॅप्सा या शैवालाचा विषाणू अवघा ३० नॅनोमीटरचा आहे. त्याच्यात डीएनए नसून आरएनए असतो आणि त्याचा जनुकसंच साडेचार हजार अक्षरांहूनही लहान आहे. एक्टोकार्पस या तपकिरी शैवालाचा विषाणू यजमानाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, शैवालाबरोबर वाढतो आणि फक्त प्रजननाच्या अवयवांत प्रकट होतो. त्यामुळे यजमान मरत नाही, त्याची प्रजननक्षमता तेवढी जाते. काही विषाणूंनी यजमानाकडूनच फॉस्फेट शोषून घेण्याची जनुकं उचलली आहेत. म्हणजे पेशी फोडणं हा या विषाणूंच्या अनेक व्यवहारांपैकी एक आहे.

या व्यवहारांचा परिणाम थेट अन्नसाखळीवर होतो. एरवी शैवाल प्राणिप्लवकांच्या पोटात जातं, प्लवक माशांच्या. विषाणूने पेशी फोडली की तिच्यातलं द्रव्य पाण्यात विरघळतं, त्यावर जिवाणू पोसले जातात आणि माशांच्या वाट्याचा भाग मधेच वळवला जातो. दुसरीकडे, एखादी जात फार माजली की तिच्या विषाणूला यजमान सहज सापडतात. त्या जातीची संख्या घटते आणि मागे पडलेल्या जातींना जागा मिळते. समुद्रातली विविधता टिकण्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

इथे एक मोह होतो. विषाणू रेड टाइड संपवतात, तर ते वाढवून समुद्रात का सोडू नयेत? जपानमध्ये विषाणू असलेला तळाचा गाळ या कामी वापरून पाहण्याचे प्रयोग झालेही आहेत. ते प्रयोग करावेत, पण त्यांच्या भरवशावर धोरण आखू नये. पहिलं कारण असं की हे विषाणू कमालीचे निवडक असतात. हेटेरोकॅप्साच्या एका वाणाला मारणारा विषाणू त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाला शिवतही नाही, आणि वाचलेला वाण पुन्हा वाढतो. एमिलियानियाच्या जीवनक्रमात तर एक अवस्था अशी येते की तिच्यावर विषाणूची मात्राच चालत नाही. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. फुटलेल्या पेशी गायब होत नाहीत. त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि पेशीतलं विष पाण्यात उतरू शकतं. शैवाल मेलं म्हणजे समुद्र सावरला, असं समीकरण मांडता येत नाही. तिसरं म्हणजे मूळ कारण तसंच राहतं. कुवेत बे उथळ आहे. इराककडून येणाऱ्या शत-अल-अरब नदीचं पाणी त्यात पोषकद्रव्यं आणतं आणि शहराचं सांडपाणी त्यात भर घालतं. २००९ मध्ये मिश्रफचं सांडपाणी उपसा केंद्र बंद पडलं आणि मैला प्रक्रियेविना समुद्रात गेला. नत्र आणि फॉस्फरस असे ओतले जात असतील, तर एक जात संपल्यावर दुसरी तयारच असते.

मग विषाणूंचा अभ्यास कशासाठी? अंदाज बांधण्यासाठी. देखरेखीच्या कामात साधारणपणे शैवालाच्या पेशी, हरितद्रव्य आणि विष मोजलं जातं. त्याच नमुन्यात त्या जातीच्या विषाणूंचा माग काढला, तर वाढ ओसरू लागली आहे की अजून चढणार आहे, याचा एक धागा हाती येऊ शकतो. खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आणि मत्स्यपालकाला काही दिवस आधी मिळालेली अशी सूचनाही मोलाची ठरेल. कोकण-गोव्यात रात्री लाटा निळ्या चमकल्या की मोबाइलवर व्हिडिओ फिरतात. त्या चमकेमागे बहुधा नॉक्टिल्यूका हा सूक्ष्मजीव असतो आणि अरबी समुद्रात त्याचे थर मोठ्या प्रमाणावर पसरू लागल्याचं संशोधक सांगत आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या देखरेखीतही विषाणूंची नोंद नेमाने व्हायला हवी. मात्र ही नोंद सांडपाणी रोखण्याला पर्याय ठरू शकत नाही. विषाणू शैवालाची एखादी लाट मोडतील, पण आपण समुद्रात सोडलेलं खत त्यांना परत घेता येत नाही. ते काम नगरपालिकांचं आणि सरकारांचं आहे, आणि त्यांच्याकडे तशी मागणी करणं आपलं.