फळीवरचा बाजार

स्वतः माल न बनवता विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणे, हा डिजिटल मंच-व्यवसायाचा गाभा होय. ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली अशा दुहेरी बाजाराची जी मांडणी केली, तिचे सार असे की दोन्ही बाजूंकडून सारखे शुल्क घेण्याऐवजी, जी बाजू ओढून आणणे अवघड तिला सवलत द्यावी आणि तो भार दुसऱ्या बाजूवर टाकावा. विक्रेते वाढले की ग्राहक येतात आणि ग्राहक आले की आणखी विक्रेते येतात, या परस्परवाढीला जाळे-परिणाम म्हणतात. ती सुरू होण्याइतकी गर्दी जमेपर्यंतचा तोटा गुंतवणूकदारांनी सोसायचा, ही स्विगी-ओलासारख्या कंपन्यांची परिचित रीत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात मात्र या रीतीमागची गृहीतके उघडी पडतात.

चंद्रपूरच्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण थोडक्यात आटोपते. सफारीची नोंदणी ऑनलाइन झाल्याने देशभरची मागणी एका पडद्यावर येते. पण मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारातून किती जिप्सी सोडायच्या हे आधीच ठरलेले असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. मागणी वाढली की तिथे फक्त रांग लांबते. आगरझरी, जुनोना, अलिझंझा अशा बफरमधील प्रवेशद्वारांनी जी वाढ साधली, ती संगणकप्रणालीची करामत नव्हे.

विडी वळायला लागणाऱ्या तेंदूपत्त्याचे प्रकरण अधिक बोलके आहे. १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मान्य केली आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु मालकी हाती आली म्हणून गिऱ्हाईक दाराशी येत नाही. उन्हाळ्यातील मोजक्या आठवड्यांत पहाटे पाने तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून गावच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणायचे आणि उन्हात उलटसुलट करून वाळवायचे, असे हे काम असल्यामुळे सौदा तोडणीपूर्वीच व्हावा लागतो. २०१६ साली सुरू झालेला ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार प्रतवारी झालेला माल बाजार समितीच्या आवारात आहे असे धरून चालतो. इथे मात्र लिलावाच्या वेळी पान झाडावरही आलेले नसते.

एकट्या गावाच्या थोड्याशा गोण्यांसाठी मोठा ठेकेदार येत नाही आणि आलाच तर भाव तोच ठरवतो. त्यावर ग्रामसभांनी जो उपाय काढला, तो मंच-व्यवसायाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगा आहे: अनेक गावांनी एकत्र येऊन संयुक्त लिलाव करायचे. कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली. कंपनी जी गर्दी सवलतींनी विकत घेते, ती इथे बैठकांनी जमली, आणि कोणत्याही गावाला आपला ठराव दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागला नाही. अर्थात हे काम संथ आहे. गुंतवणूकदाराला त्याचा धीर धरवणार नाही.

तरीही जाळे-परिणाम इथे एका बाजूनेच चालतो. गावे वाढल्याने विडी ओढणारे वाढत नाहीत, पत्ता घेणारे व्यापारी मोजकेच असतात आणि ते आपसांत बोलून बोली लावू शकतात. त्यात २०१७ च्या जीएसटीने विडीवर २८ टक्के आणि पत्त्यावर १८ टक्के कर बसवला. अशा बाजारासाठी उद्या कोणी ॲप आणलेच, तर त्याची किंमत नव्या गिऱ्हाइकांपेक्षा जुन्या नोंदींवर ठरेल: कोणत्या ठेकेदाराने किती भाव दिला, कोणी रक्कम थकवली, कोणी लिलाव घेऊन पाठ फिरवली. कंपनीच्या मंचावर अशी माहिती कंपनीकडे साचते आणि तिच्या जोरावर ती पुढे दोन्ही बाजूंवर अटी लादते. ग्रामसभांच्या संघाला मात्र पुढच्या हंगामाच्या निविदेपूर्वी ही नोंद प्रत्येक गावापुढे उघडी ठेवता येते, आणि थकबाकीदाराला बोलीतून वगळायचे की नाही, हे गावालाच ठरवता येते.