ओळखीच्याच रेषा



कन्या राशीत एक मंद ठिपका आहे. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. दुर्बिणीतून पाहिला तर अगदी ताऱ्यासारखा वाटतो. त्याचे नाव थ्री-सी २७३. त्याच्याकडून रेडिओलहरी येत होत्या. १९६२ मध्ये चंद्र त्याच्या आड आला, तेव्हा ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने त्याची नेमकी जागा टिपली. मग कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत मार्टेन श्मिट यांनी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात.

फेब्रुवारी १९६३ मध्ये उलगडा झाला. त्या रेषा हायड्रोजनच्याच होत्या, फक्त १६ टक्के लाल बाजूला सरकलेल्या! विश्वाच्या प्रसरणामुळे दुरून येणाऱ्या प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात. म्हणजे तो जवळचा तारा नव्हता. २०० कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेचे ते केंद्र होते. तिथल्या महाकाय कृष्णविवराभोवती फिरणारा वायू तापून झळाळतो. त्यातले थोडे द्रव्य आत न पडता जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकले जाते. तो झोतही छायाचित्रात पुसट रेघेसारखा दिसत होताच.

पाहा, पुरावा समोर होता. हायड्रोजन तर सर्वांच्या परिचयाचा. आड आली ती एक मान्यता : ‘हा तारा आहे.’

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ताळेबंद जुळला नाही की आम्ही बेरजा पुन्हा पुन्हा तपासतो. कधी कधी चूक आरंभीच्या शिल्लकेतच असते.

बाबा दर रविवारी फोनवर विचारत, “फीची पावती नीट ठेवलीस ना?” मला वाटे, हे फक्त हिशेब मागतात. मी तुटक उत्तर देऊन फोन ठेवत असे. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना एक फाइल सापडली. माझ्या पहिलीपासूनच्या सगळ्या पावत्या, वर्षवार लावलेल्या. प्रेमाच्याच त्या रेषा. मी त्या चुकीच्या जागी शोधत होतो.

साधकांनो, आपल्या प्रत्येकाच्या मनात कुणाबद्दल तरी अशी एक जुनी नोंद असते : ‘तो तसाच आहे.’ आज रात्री ध्यानाला बसण्यापूर्वी त्या एका व्यक्तीला आठवा आणि ती नोंद क्षणभर बाजूला ठेवा. मग शांतपणे पाहा, ओळखीचे काय दिसते?

आणि उद्या त्यांना फोन करा. ही साधनाच आहे.