भागवंतीचा त्याग आणि ‘हम लोग’ची नीती

दूरदर्शनवरील ‘हम लोग’च्या (१९८४-८५) प्रत्येक भागाअखेर अशोककुमार त्यातील नीतीचा अन्वयार्थ सांगत. संहिता मनोहर श्याम जोशींची. प्रेरणा मेक्सिकोतील मिगेल साबिदोंच्या प्रबोधनपर मालिकांची. सोशिक भागवंती ही स्त्रीच्या आत्मलोपाचे नकारात्मक उदाहरण म्हणून योजलेली होती. अनेक प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श माता मानले. याला प्रेक्षकांचे अज्ञान म्हणणे उथळपणाचे ठरेल. दारुड्या बसेसररामच्या संसारात चूल पेटती ठेवणारी तीच होती. तिच्या त्यागावाचून ते कुटुंब, आणि पर्यायाने कथानकही, उभे राहत नव्हते. ज्या त्यागावर कथा जगते, त्यालाच दोष ठरवणारी संहिता कितपत प्रामाणिक? बडकीच्या स्वावलंबनाचे कौतुक करतानाही, ती घरी परतल्यावर तिचे ताट कोण वाढते, हे विचारावेच लागते.