सौंदर्यदर्शन आणि समत्व

विषयांचे चिंतन हा अधःपाताचा आरंभ होय, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्टच सांगितले आहे. चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध आणि अखेरीस बुद्धिनाश, ही परंपरा नित्य पाठ करणाऱ्यांच्या परिचयाची आहे. यामुळे अनेक श्रद्धाळू गृहस्थांच्या मनात एक शंका असते. देशाटनाचा योग आला, एखादे रम्य नगर किंवा उद्यान दृष्टीस पडले आणि चित्त प्रसन्न झाले, तर तो आनंद निर्दोष समजावा, की तीही भोगलालसाच म्हणावी?

शंका रास्त आहे. परंतु ती घेणारे बहुधा पुढचा, म्हणजे 64 वा श्लोक विसरतात. रागद्वेषांपासून सुटलेल्या आणि स्वाधीन झालेल्या इंद्रियांनी विषयांत वावरणारा मनुष्य प्रसन्नता पावतो, असा त्याचा आशय आहे. इंद्रियांना कुलूप घालावे असे तेथे म्हटलेले नाही. तेव्हा डोळ्यांनी काय पाहिले यापेक्षा पाहिल्यानंतर अंतःकरणात काय उरले, याचाच विचार करावयास हवा.

या विचाराला जपानातील क्योतो नगराइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. इ. स. 794 पासून हजारांहून अधिक वर्षे हे नगर जपानच्या सम्राटांची राजधानी होते. तिन्ही बाजूंस डोंगर, मधून वाहणारी कामो नदी, वसंतात चेरीचा बहर आणि शरदात मेपलच्या पानांची लाली. पाहणाऱ्याचे पाऊल जागोजागी थबकते. तेथील गिओन या भागाचे नाव बुद्धाच्या जेतवन विहारावरून आलेले आहे, आणि ‘झेन’ हा शब्द म्हणजे आपलाच ‘ध्यान’ शब्द चीनमार्गे तिकडे गेलेला. संस्कृतज्ञाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही.

याच नगरात रियोआन्-जी नावाचे झेन मंदिर आहे. त्याची स्थापना 1450 मध्ये झाली. तेथील प्रसिद्ध बागेत वृक्ष नाही, फूल नाही, पाणीही नाही. सुमारे 25 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद अशा अंगणात पांढरी खडी पसरलेली असून तिच्यावर दाताळ्याने रेषा ओढलेल्या आहेत. त्या खडीत पाच समूहांत मिळून 15 शिळा मांडल्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी थोडे शेवाळ आहे. मंदिराच्या ओसरीवर बसून लोक ती बाग पाहतात. नवल असे की, ओसरीवर कोठेही बसले तरी पंधराही शिळा एकदम दिसत नाहीत. एक तरी दुसरीआड लपतेच. जागा बदलावी तर लपलेली दिसू लागते आणि दिसणारी लपते.

आता या नगराच्या इतिहासातील एक प्रसंग पाहावा. मे 1945 मध्ये अणुबाँब टाकण्यासाठी अमेरिकेत ज्या जपानी शहरांची निवड झाली, त्यांत क्योतोचे नाव अग्रभागी होते. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ते नाव वगळण्याचा आग्रह धरला. 1926 मध्ये त्यांनी हे नगर पाहिले होते आणि जपानी कलेचे व संस्कृतीचे ते पीठ आहे, हे ते जाणून होते. क्योतोच्या नाशाने जपानी लोकांच्या मनात जी कटुता राहील तिचा राजकीय विचारही त्यांच्यापुढे होता. लष्करी अधिकाऱ्यांनी ते नाव पुन्हा पुन्हा पुढे केले, तरी स्टिम्सन बधले नाहीत, आणि अखेर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. क्योतो वाचले. जुलैमध्ये यादीत नागासाकीचे नाव आले. 9 ऑगस्ट रोजी विमान निघाले होते कोकुरा शहरावर. तेथे खालचे लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. त्या वर्षअखेरपर्यंत तेथे सुमारे 70,000 माणसे मृत्यू पावली असा अंदाज आहे.

स्टिम्सन यांचा आग्रह पुण्यकारक म्हणावा काय? निःसंशय. एका नगरातील लक्षावधी जीव त्यामुळे वाचले. सामान्य नागरिकांच्या संहाराविषयी त्यांच्या मनात अस्वस्थता होती, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि नागासाकीची लेकरे क्योतोच्या लेकरांहून कमी प्रिय असावीत असे कोणते कारण होते? तेथे सम्राटांची मंदिरे नव्हती, एवढेच. सौंदर्याने करुणेला जागे केले खरे, पण ती करुणा आवडलेल्या वस्तूच्या कुंपणापाशी थांबली. अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगताना, एकाच वस्तूला तीच सर्वस्व मानून चिकटणाऱ्या ज्ञानाला भगवंतांनी सर्वांत खालची पायरी दिली आहे. स्टिम्सन यांना त्या पायरीवर बसवणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येकाच्या प्रेमात त्या ज्ञानाचा थोडा अंश असतो, हे मात्र नाकारता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग त्यांनी क्योतो पाहिलेच नसते, त्याविषयी मनात ओलावा नसता, तर समत्व साधले असते. हा विपर्यास होय, आणि वेदान्ताच्या नावाखाली तो फार बोकाळला आहे. कोरडेपणाने नागासाकी वाचले नसते, क्योतो मात्र जळाले असते. थंड अंतःकरणाला दगडही समदृष्टी म्हणून मिरवता येईल. सहाव्या अध्यायातील आत्मौपम्य म्हणजे आपल्या सुखदुःखाच्या मापाने सर्वांचे सुखदुःख पाहणे. आणि ज्याला स्वतःला कशाचाच आनंद नाही त्याच्यापाशी माप तरी कोठून येणार? क्योतोवरील प्रेम कमी करावयाचे नव्हते, ते नागासाकीपर्यंत न्यावयाचे होते.

गृहस्थाला असे प्रसंग लहान रूपात रोज येतात. देखण्या, हुशार मुलाचे कौतुक होते आणि घरातील मंद मूल कोपऱ्यात राहते. तीर्थक्षेत्रातील मंदिरासाठी सढळ हाताने देणगी दिली जाते आणि त्याच क्षेत्रातील झाडूवाल्याची वस्ती कोणाच्या नजरेस पडत नाही. त्यामागे दुष्टावा क्वचितच असतो. बसावयाची जागा तेवढी एकच धरलेली असते.

रियोआन्-जीच्या आवारात एक दगडी जलपात्र आहे. त्यावर कोरलेल्या चार चिन्हांचा भावार्थ संतोष ओळखणे असा आहे. ते इतके खाली बसविलेले आहे की हात धुण्यासाठी ताठ माणसालाही ओणवे व्हावे लागते. प्रवासी तेथून पुढे जातात, अनेकांची पावले बाजाराकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ज्यांना सवड आहे त्यांनी नागासाकीलाही जावे. डोंगरांनी वेढलेले ते बंदर रमणीय आहे. बाँब उराकामीच्या खोऱ्यावर फुटला. तेथून सुमारे 800 मीटरांवर सान्नो देवस्थान आहे. त्याच्या अंगणातील दोन प्रचंड कापूरवृक्ष त्या दिवशी होरपळून निष्पर्ण झाले होते. पुढे त्यांना पालवी फुटली, आणि ते आजही उभे आहेत.