पेटीवाल्याचे खरे नाव

रविवारी सकाळी मी चर्चमध्ये उपासनेला पेटी वाजवतो आणि गुरुवारी संध्याकाळी आपल्या दत्तमंदिरात भजनाला. या अंकासाठी चार ओळी लिहा, असे मंडळाने म्हटले तेव्हा आधी मी नाहीच म्हणालो. ख्रिस्ती माणसाने दत्तजयंतीच्या अंकात काय लिहायचे? पण सत्तरी आली, एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगून टाकतो.

तीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावी दत्तजयंतीचा सप्ताह होता. नेहमीचे पेटीवाले आजारी, म्हणून मला बोलावणे आले. माझे नाव-आडनाव चारचौघांसारखेच. कुणी विचारले नाही, मी सांगितले नाही. बिदागी बरी होती, घरात नड होती. आणि कळले तर पेटीला हात लावू देतील का, ही भीती. शनिवारी रात्रभर जागर झाला. पहाटे मी गुपचूप नाशिकच्या एसटीला निघालो, सकाळची उपासना गाठायची होती. बुवा मागून आले. “एवढ्या घाईनं कुठं?” मी म्हणालो, “घरी काम आहे.” चाललो होतो प्रार्थनेला, आणि जिभेवर खोटे!

त्या सकाळी चर्चमध्ये बोटे पट्ट्यांवर फिरली, मन नाही. संध्याकाळी परत गेलो आणि बुवांना सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अहो, सांगायचं होतंत. तुमची रविवारी प्रार्थना असते हे ठाऊक असतं तर रात्रभर जागवलं असतं का तुम्हाला?”

मी मान खाली घातली. त्यांना न विचारताच मी त्यांचे उत्तर ठरवून टाकले होते. लपवणारा माणूस समोरच्याला आधीच लहान समजलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले.

आता कुणी म्हणेल, असे बुवा सगळीकडे भेटतात थोडेच! खरे आहे. त्यांनी परत पाठवले असते तर बिदागी गेली असती. खऱ्याला किंमत पडतेच. नाशकात शिकलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मनात ख्रिस्त मानून वरवर पूर्वीसारखे राहता आले असते; ते राहिले नाहीत. पण त्याची झळ पत्नी लक्ष्मीबाईंनाही बसली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या. काही वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. नवरा गेला म्हणून त्याच्या मागे गेल्या नाहीत. स्वतःला पटले तेव्हाच, 1900 साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दोघांचाही खरेपणा दिसतो. आणि टिळकांनी धर्म बदलला तरी अभंग-कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते उघड सांगत.

भागवतात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यातले हरिण पारध्याच्या गाण्याला भुलते आणि सापडते. आम्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी हा गुरू विसरू नये. त्या सप्ताहात लोकांची ‘वाहवा’ ऐकून मी असाच भुललो. सूर लागतोय म्हणजे सारे ठीक, असे वाटले. दुसरी ती कुमारी. दारी पाहुणे, आत साळी कांडताना कांकणे वाजू लागली, तेव्हा तिने हातात एकेकच ठेवले आणि आवाज थांबला. एकांताचा हा धडा, असे सांगतात. मला त्यात आणखी एक दिसते: एकाच देहात दोन माणसे वागवली की ती एकमेकांवर आपटत राहतात.

आज आरतीला मी पेटीवर असतो, तेव्हा माझी प्रार्थना येशूकडे असते, हे मंडळाला ठाऊक आहे. आणि गुरुवारी मी कुठे असतो, हे चर्चमध्ये ठाऊक आहे. दोन्हीकडे कुरकुरणारे आहेत. त्यांच्यापाशीही मी नाव बदलत नाही.

परवा मंडळाने सप्ताहाचे वेळापत्रक लावले. रविवार सकाळसमोर दुसऱ्या पेटीवाल्याचे नाव होते. मी काहीच सांगितले नव्हते.