पोटाला वळसा कशाला?

प्रोटीनच्या डब्यावर महिन्याला हजारो रुपये घालणाऱ्या तरुणांच्या मागे आता नवी चिंता लावून दिली आहे: खाल्लेले प्रोटीन म्हणे अंगी लागतच नाही. मग पचनाला वळसा घालणाऱ्या वाटा सुचवल्या जातात. आधीच पचवलेली पावडर, जिभेखालचा फवारा, कातडीवरची पट्टी.

कातडीतून साधारण 500 डाल्टन वजनापर्यंतचेच रेणू आत शिरतात. व्हे पावडरीतले मुख्य प्रथिन 18,000 डाल्टनचे. इन्सुलिन त्याहून कितीतरी लहान, तरी कातडीतून शिरत नाही आणि पोटात टिकत नाही, म्हणून 1922 पासून ते मुख्यतः सुईनेच द्यावे लागते. आतडे निकामी झालेल्या रुग्णाला अमिनो आम्ले शिरेतून देतात खरी, पण ती रुग्णालयात, संसर्गाचा धोका पत्करून. धडधाकट माणसाला असल्या आडवाटेची गरज काय? दूध आणि शिजवलेली अंडी यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक प्रथिने आपले आतडे मुकाट्याने पचवते. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी हा सारा बाजार!

सुधारणा करायचीच असेल तर ती चुलीपाशी होते. मर्दानी म्हणून कच्ची अंडी गटागट पिणारे पहिलवान त्यांतले जेमतेम निम्मे प्रथिन पचवतात. सोयाबीनमध्ये पचन अडवणारा घटक असतो. तो नीट शिजवल्यावर बराचसा नष्ट होतो. मुगाला मोड आले की पचन आणखी सोपे. वरणात जे अमिनो आम्ल कमी ते भातात असते आणि भातात जे कमी ते वरणात, हे आपल्या आजीला कुणी शिकवले नव्हते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळा, असे स्पष्ट सांगितले. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिन पुरते. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. ज्याच्या ताटात तेवढेही पडत नाही, त्याच्यासाठी मात्र कुणी फवारा शोधत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद केला आणि अंडी हवी असतील तर लोकवर्गणी काढा, असे शाळांना सांगितले. आपण जिममध्ये शोषणाची टक्केवारी मोजत होतो, म्हणून ही बातमी आली तशी गेली. हा निधी परत सुरू करा, असा ठराव प्रत्येक पालकसभेने आणि ग्रामसभेने लेखी करून पाठवला पाहिजे. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय मूळ योजनेत होतीच, तेव्हा धर्माची आडकाठीही कुणी पुढे करू नये.