गाण्यानं पोराला काय मिळतं?

‘गाऊन काय पोट भरतंय व्हय?’ आमच्या कृष्णाकाठच्या गावात हा प्रश्न प्रत्येक पिढीतल्या पोरानं ऐकलाय. शहरातले आईबाप तोच प्रश्न जरा वळवून विचारतात. गाण्यानं गणित सुधारतं का? गाण्याच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण किती? हिशोब दोन्हीकडं एकच. हिशोब करणं वाईट नाही. बी टाकताना शेतकऱ्यानं पिकाचा विचार करायचाच. पण गाण्याचं पीक कुठलं, हे आधी कळायला हवं.

आम्हाला संगीत हा ‘विषय’ नव्हता. एकादशीला देवळात भजन असायचं. पेटी, पखवाज, वीणा आणि पंधरा-वीस टाळकरी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावायचं काम पोरांकडं. किती लावली की आवाज घुमतो, हे बोटांना कळायलाच वर्ष जायचं. मग कधीतरी टाळ हातात पडायचे. नवं पोर टाळ मिळाले की जोरात हाणतं. आमचे बुवा भजन थांबवत नसत. अभंग संपला की हळूच म्हणत, ‘बाळा, तुला तुझाच टाळ ऐकू येत आसंल, तर तू चुकलास. शेजारच्याचा ऐकू आला पायजे.’

भजनी ठेका आठ मात्रांचा. पुढं पळालेलं पोर त्यात एकटं पडतं आणि मागं राहिलेलंही. छडी लागत नाही, आपलं आपल्यालाच कळतं. वर्गात पहिलं यायचं तर दुसऱ्याला मागं टाकावं लागतं. भजनात तसं करून चालत नाही. स्वतः आवाज करत असताना दुसऱ्याचा आवाज ऐकायचा, ही सवय दुसऱ्या कुठल्या विषयानं लागलेली मी पाहिली नाही. पाठांतर होतं, चारचौघांतली भीड जाते, हेही खरं. पण ते मागून येतं. पहिलं पीक कानाचं.

इथवर सोपं आहे. अवघड पुढं आहे.

त्याच देवळाच्या पायरीखाली जत्रेत हलगी वाजायची. वाजवणारे मातंग वस्तीतले. त्यांच्यातलं एक पोर माझ्या वर्गात होतं. जाळावर हलगी शेकून कातडं ताणायचं, टिचकी मारून आवाज पारखायचा, पालखी चढाला लागली की लय सोडायची, कुस्तीत पैलवान भिडले की चढवायची, हे सगळं त्याला दहाव्या वर्षी येत होतं. आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं. तरी आमच्या टाळाला लोक ‘संस्कार’ म्हणत आणि त्याच्या हलगीला ‘काम’. आम्हाला पंगतीत प्रसाद, त्याला पायरीखाली पानावर. एकदा त्यानं विचारलं, ‘तुमी वाजीवलं की शिकला म्हंत्यात, आन्‌ मी वाजीवलं की राबला. आसं का?’

हा प्रश्न गाण्याच्या मुळालाच हात घालतो. ऐकण्याचा धडा देणारं भजन पिढ्यान्‌पिढ्या झालं, आणि दहा पावलांवरची हलगी गावाला ऐकू येऊनही वाजवणारा दिसला नाही. म्हणजे गाण्यानं माणूस आपोआप चांगला होत नाही. गाणं कान तयार करतं. तो कान कुणाकडं वळवायचा, हे गाणं ठरवत नाही. ते आपण ठरवतो.

आणि जे आपण ठरवलं ते बदलता येतं. विष्णू दिगंबर पलुस्कर आमच्याच भागातले. १८७२ साली कुरुंदवाडात जन्मले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले. त्या काळी मोठ्यातला मोठा गवईही दरबाराचा आश्रित. घरंदाज माणूस पोराला गवई करायला राजी नसे. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग आले, क्रमिक पुस्तकं आली, परीक्षा आल्या, आणि पुढं घरंदाज मुलं-मुलीही तंबोरा घेऊन बसू लागली. स्वर तेच होते. मान स्वरात नव्हता, तो माणसांनी दिला.

आमच्या गावात हलगीसाठी अशी जागा कुणी केली नाही. पुढं वस्तीतल्या काही पोरांनी हलगी मुद्दाम खाली ठेवली. ज्या वाद्यानं आपल्याला पायरीखाली उभं केलं, ते आपण का वाजवायचं, हा त्यांचा सवाल. गावातली जुनी माणसं हळहळली, ‘कला बुडाली हो!’ मला ती हळहळ पटत नाही. कला टिकावी म्हणून कुणाच्या लेकरानं पायरीखाली उभं राहायचं, हा सौदा न्यायाचा नाही.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. शिकणं आणि राबणं यांत फरक वाद्याचा नाही, नकाराचा आहे. मला टाळ नको म्हणायची मुभा होती. त्याला हलगी नको म्हणायची नव्हती, आणि पखवाज हवा म्हणायचीही नव्हती.

म्हणून शाळेत पेटी-तबला आणावा, तशी हलगीही आणावी. शिकवायला वस्तीतला जाणता बोलवावा, त्याला मास्तर म्हणावं आणि मास्तराचा पगार द्यावा. पाटलाच्या पोरानं त्याच्याकडून हलगी शिकावी. हलगीवाल्याच्या पोरीनं वाटलं तर तबला घ्यावा, वाटलं तर काहीच घेऊ नये. गाण्यानं पोराला काय मिळतं, हे जरूर विचारावं. पण त्याच्या शेजारी टाळ घेऊन कुणाचं पोर बसलंय, हे आधी बघावं. शेजारच्याचा टाळ ऐकायचा, तर शेजार आधी मोकळा हवा.